शेव्हरोले ३१०० पिकअप (कागदोपत्री १९५०): पार्ट शोधायला सुरुवात कुठून करू?

खटारा_प्रेमी

मंडळी, एक शेव्हरोले ३१०० पिकअप ताब्यात आली आहे. कागदावर १९५० लिहिलंय. कित्येक वर्षं एका जागी उभी होती. सहा सिलिंडरचं इंजिन जाम आहे. केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे गंजून गेलेत, पायाखालचा पत्रा दाबला की करकरतो. हौद्याच्या फळ्यांचा भुगा झालाय. ड्रायव्हरच्या दाराला बाहेरचं हँडल नाही, काचेची रबरं दगडासारखी, पेट्रोलची टाकी हलवली की आत काहीतरी खडखडतं.

मला प्रदर्शनात मिरवायची नाही. सुट्टीच्या दिवशी बाहेर काढता यावी, चार फळ्या-पोती टाकून आणता यावीत, इतकंच. पार्टची यादी करायला बसलो तर ती लांबतच चालली आहे. नवे काय मिळतात, जुनेच काय शोधावे लागतात, इंजिन तेच ठेवू का? जाणकारांनी सांगा.

पाना_नऊसोळांश

अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही एकदम!

यादी आधी बाजूला ठेवा. अजून एकही पार्ट मागवू नका. तुमच्याकडे नक्की काय आहे तेच अजून ठरलेलं नाही. या पिढीला अ‍ॅडव्हान्स डिझाइन म्हणतात, १९४७च्या मध्यापासून १९५५च्या सुरुवातीपर्यंत निघाली. बाहेरून सगळ्या सारख्याच वाटतात, पण आत दरवर्षी काही ना काही बदललंय. शिवाय सत्तर वर्षांत कुणी दार बदललं, कुणी इंजिन, कुणी अख्खा पुढचा अ‍ॅक्सल. कागदावरचं साल हे फार तर चासीचं आणि केबिनचं साल. बाकीची गाडी त्याच सालची असेल असं धरून चालू नका.

ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा नंबर टाका (शेवटचे आकडे झाका). पहिला अंक कारखान्याचा, मग दोन अक्षरं सालाची आणि अर्ध्या टनाच्या मालिकेची, मग एक अक्षर महिन्याचं. १९४९ला जीपी, १९५०ला एचपी, १९५१ला जेपी, १९५२ला केपी. महिना ए म्हणजे जानेवारी, तिथून पुढे क्रमाने.

मग हे बघा: दाराच्या काचेला पुढे फिरणारी तिकोनी काच आहे का? ती १९५१पासून आली. हँडल खाली ओढायचं आहे की बटण दाबायचं? बटण १९५२मध्ये आलं. समोरची काच दोन तुकड्यांची की अखंड? अखंड असेल तर १९५४ किंवा नंतरची. टाकी सीटच्या मागे की हौद्याखाली? केबिनमध्ये ती १९४९ला आली.

खटारा_प्रेमी

पट्टीवर एचपी आहे, महिना डी. म्हणजे एप्रिल १९५०. टाकी सीटच्या मागे. समोरची काच दोन तुकड्यांची.

पण दोन्ही दारांना तिकोनी काच आहे! आणि दुसऱ्या दाराचं हँडल शाबूत आहे, ते बटणवालं आहे.

पाना_नऊसोळांश

झालं की मग. दारं १९५२ किंवा नंतरची आहेत. तुम्ही '१९५० ३१००चं हँडल' म्हणून मागवलं असतं तर खाली ओढायचं हँडल आलं असतं, आणि ते तुमच्या दारात बसलंच नसतं. दाराचे रबर, काच चढवायची यंत्रणा, कुलूप, सगळं दाराच्या सालाने मागवा. चौकटीला चिकटणारं रबर केबिनच्या सालाने.

एक वही करा. प्रत्येक पानावर एक भाग, पुढे त्याचं खरं साल आणि ते कशावरून ठरवलं ते. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

गंजखोर

वाचतोय. वरच्या प्रतिसादाला +१.

टर्नरदादा

इंजिनचंही तेच. १९५०च्या ३१००मध्ये २१६ घनइंचाचं इंजिन यायचं. त्यात बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) ओतीव बेअरिंगं, आणि कनेक्टिंग रॉडला तेल पंपाच्या दाबाने थेट मिळत नाही. ऑइल पॅनमधल्या नळ्यांतून फवारा उडतो आणि रॉडच्या टोकाला असलेली पळी तो झेलते. शांतपणे चालवलं तर वर्षानुवर्षं चालतं, पण दामटलं की बॅबिट जातं. ते ओतून मापात बोअर करणारा माणूस शोधणं हे आज पार्ट शोधण्यापेक्षा अवघड आहे.

१९५४पासून ट्रकला २३५चं जे इंजिन आलं त्यात बदलता येणारे बेअरिंग शेल आणि पूर्ण दाबाचं वंगण आहे. ते २१६च्या जागी सहज बसतं, म्हणून अनेकांनी तेव्हाच बदलून टाकलं. तुमच्यात काय आहे ते बघा. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, सेल्फच्या आसपास ओतीव आकडे उठलेले दिसतील. तारेच्या ब्रशने साफ करा, वर खडू घासा, मग नीट वाचता येतील. मोठा नंबर ब्लॉकचा. शेजारी एक अक्षर आणि दोन-तीन आकडे असतील: अक्षर महिन्याचं, मग तारीख, शेवटचा अंक सालाचा.

खटारा_प्रेमी

खडूची युक्ती भारी आहे! एफ, १८, ४ असं दिसतंय. म्हणजे १८ जून १९५४? की १९४४?

टर्नरदादा

एका अंकावरून दशक कळत नाही, म्हणून ब्लॉकचा मोठा नंबर लागतो. तुम्ही व्यक्तिगत निरोपातून पाठवलेला नंबर मी पार्टबुकात पाहिला. २३५ आहे, १९५४चं. नशीबवान आहात, बॅबिटची कटकट गेली.

आता दोन गोष्टी. पहिली, पाण्याचा पंप. नुसतं '२३५चा पंप' मागितलात तर १९५५ ते १९६२चा पाठवतील. तो वेगळा आहे, पंखा रेडिएटरला जाऊन भिडेल. '१९५४चा' असंच सांगा. दुसरी, डॅशबोर्डवरचा ऑइलचा मीटर. १९५०चा असेल तर तो ३० पौंडांपर्यंतच दाखवतो. या इंजिनात काटा शेवटच्या रेघेला जाऊन चिकटेल. घाबरू नका, मीटर बदला.

वाफाळलेला_रेडिएटर

इंजिन जाम आहे ना? दुसऱ्या गाडीला बांधा, टॉपमध्ये टाका आणि ओढा. सुटतं. उगाच पुस्तकं वाचत बसू नका.

टर्नरदादा

अहो, असला सल्ला देऊ नका. एखाद्या सिलिंडरमध्ये गंजाची कड बसली असेल तर रिंग तुटेल, झडप चिकटली असेल तर पुशरॉड वाकेल. तेव्हा सुटेल खरं, पण नंतर सगळं उघडावंच लागेल.

खटारा_प्रेमी, क्रम असा ठेवा. सहाही प्लग काढा. झडपांवरचं झाकण काढून रॉकर सैल करा, म्हणजे पुशरॉडवर ताण राहणार नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक प्लगच्या भोकातून सोडा. अ‍ॅसिटोन पेट घेतं, तेव्हा हे उघड्यावर करा, जवळपास ठिणगी नको. मग वाट बघा. रोज थोडं घाला. ऑइल पॅन उतरवून आत नजर टाका; तळाशी दुधी चिखल असेल तर पाणी कुठून आलं ते आधी शोधायला हवं. मग फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहार टेकवून मागे-पुढे, मागे-पुढे हलवा. एका दिशेने जोर लावू नका. केसभर हलली की निम्मं काम झालं.

वाफाळलेला_रेडिएटर

आमच्या काळी ओढूनच सुटायच्या. बरं, तुमचं चालू द्या.

खटारा_प्रेमी

पॅन उतरवला. चिखल नाही, नुसतं डांबरासारखं काळं. मिश्रण घालून ठेवलंय.

पण पॅनचे बोल्ट काढताना दोघांचे कोपरे गोल झाले. १३चा पाना वापरत होतो.

पाना_नऊसोळांश

माझं नाव उगाच नाही ठेवलेलं! ही गाडी इंचाची आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की कोपरा खातो. ७/१६ म्हणजे ११.११, तिथे ११चा पाना घुसतच नाही. ९/१६ म्हणजे १४.२९, १४चा बसत नाही आणि १५चा फिरतो. फक्त ३/४ला १९चा चालतो, कारण तो १९.०५ आहे. इंची पान्यांचा आणि सहा कोनी सॉकेटचा एक संच घ्याच. बारा कोनी सॉकेट अशा बोल्टना लावूच नका.

आट्यांचंही तसंच. मेट्रिक बोल्ट इंची भोकात दोन आटे जातो आणि पुढे आटे मारतो. काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा त्याच्यासोबत पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी.

विजेचा_खांब

वायरिंगचं काय ठरवलंय? ही गाडी ६ व्होल्टची. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडा, जुन्या गाड्यांचं अर्थिंग उलटं असतं.

डायनॅमो_डेज

थांबा थांबा. ते फोर्ड एफ-१ वगैरेंचं, त्यांचं पॉझिटिव्ह अर्थ. शेव्हरोलेचं ६ व्होल्टचंही निगेटिव्हच अर्थ आहे.

आणि ६ व्होल्टला उगाच शिव्या घालतात लोक. 'सेल्फ मरतुकड्यासारखा फिरतो' ही तक्रार बहुतेक वेळा व्होल्टेजची नसते, केबलची असते. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट. ३५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अ‍ॅम्पिअरपेक्षा कमी घेतो, ६वर जवळपास ६. सेल्फचा हिशोब शेकड्यांत जातो. लोक आजच्या गाडीची बारीक केबल लावतात आणि मग गाडीला नावं ठेवतात. अंगठ्याएवढी जाड केबल लावा, शून्य गेजची किंवा त्याहून जाड.

दुसरं म्हणजे अर्थिंग. सगळे चासी साफ करून झकास रंगवतात आणि त्या रंगावरच अर्थची पट्टी कसतात. रंगातून करंट जात नाही. इंजिन ते चासी, चासी ते केबिन, हौदा, प्रत्येक दिव्याचं कवच: जिथे टेकतं तिथे रुपयाएवढी जागा घासून चकचकीत करा, पट्टी कसा, वरून ग्रीस लावा.

खटारा_प्रेमी

मग १२ व्होल्ट करायची गरजच नाही?

डायनॅमो_डेज

रात्री फिरायचं असेल, मोबाइल चार्ज करायचा असेल तर करा. पण पुढचं सगळं डोळे उघडे ठेवून करा. बल्ब सगळे बदलायचे, कॉइल बदलायची, हीटरची मोटर आणि पेट्रोलच्या काट्याला व्होल्ट कमी करणारा जोड, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. ६ व्होल्टचा सेल्फ १२वर थोडा वेळ चालतो, तो बहुतेक जण तसाच ठेवतात. अ‍ॅमीटर दोन्हींवर चालतो.

तुम्हाला सुट्टीच्या सकाळी चक्कर मारायची आहे. मी तुमच्या जागी असतो तर ६च ठेवले असते. पण वायरिंगची जुनी कापडी वेणी मात्र पूर्ण काढा. हाताळली की तिचं आवरण गळतं. नमुन्याबरहुकूम नव्या तयार वेण्या मिळतात. डायनॅमो किंवा कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) बदलला की गाडी सुरू करण्याआधी डायनॅमोची ध्रुवता (प्लस-मायनसची दिशा) बसवून घ्यायला विसरू नका, नाहीतर कटआउटचे पॉइंट जळतील.

गंजखोर

पत्र्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

कोपरे, फरशी, दाराखालची पट्टी, पायरीचे आधार, हे सगळे तुकडे नवे मिळतात. खूप जण बनवतात आणि प्रत येते तशी येते. मूळ पत्रा १८ गेजचा, साधारण १.२ मिलिमीटर. स्वस्तातला तुकडा त्याहून पातळ असतो. जाड पत्र्याला पातळ जोडताना वेल्डिंगमध्ये पातळ बाजूला भोक पडतं. विचारूनच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: जुना कोपरा कापायच्या आधी नवा तुकडा त्याच्यावर धरा. घड्या जुळतात का, उंची जुळते का, दाराच्या फटीची रेघ बरोबर येते का बघा. एकदा जुना कापून फेकला की ताडून बघायला काहीच उरत नाही. आणि फरशी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी आधार वेल्ड करा, दारं लावून फटी मोजून घ्या. नाहीतर केबिन नकळत उघडते किंवा मिटते, आणि मग दार जन्मभर आपटून लावावं लागतं.

वेल्डिंगची सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, हात लावण्याइतकं गार होऊ द्या. मोठ्या सपाट पत्र्यावर वाळूचा मारा करू देऊ नका, दार आणि छत लाटांसारखे होतात. लहान ब्रॅकेट, बिजागऱ्या वगैरेंना इलेक्ट्रोलिसिस उत्तम: प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, भागाला चार्जरचं निगेटिव्ह, भंगार लोखंडाला पॉझिटिव्ह. स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, विषारी क्रोमियम तयार होतं. आणि उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस. फुंकर मारून साफ करायची सवय सोडा, ओलं करून पुसा, चांगला मास्क लावा.

खटारा_प्रेमी

हे सगळं छापून शेडच्या भिंतीवर लावतोय. टाकीचं काय करू? एक जण म्हणाला कापून, साफ करून परत वेल्ड करून देतो.

गंजखोर

त्याला लांबूनच नमस्कार करा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ असते. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या, किंवा सरळ नवी घ्या, मिळते. तुमची टाकी सीटमागे, म्हणजे तुमच्या पाठीशी आहे. गळकी टाकी ठिगळ लावून तिथे बसवण्यात शहाणपणा नाही. तोंडाची रबरी नळी आणि फ्लोटखालचं पॅकिंग नवंच.

पाना_नऊसोळांश

ब्रेकचा प्रश्न राहिला. १९५०पर्यंत हक पद्धतीचे, १९५१पासून बेंडिक्स. तुमच्या दारांचा इतिहास बघता अ‍ॅक्सलवर काय आहे ते देव जाणे. ड्रम काढा. वर एक खिळा, खाली दोन्ही शूना जोडणारी दात्यांची चकती दिसली तर बेंडिक्स, पार्ट भरपूर मिळतात.

मास्टर सिलिंडर पायाखाली, एकाच खान्याचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. बाकी काहीही मूळ ठेवा, इथे मी दोन खान्यांचा बसवा म्हणेन. शुद्धतावाद्यांनी मला खुशाल झोडपावं. नळ्या सगळ्या नव्या. आणि सिलिकॉनचं ब्रेक ऑइल नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळू नका.

जुन्या_डब्यातलं_नवं

पार्ट शोधण्याबद्दल माझे दोन शब्द. 'जुना साठा, न वापरलेला' असं लिहिलं की लोक हरखतात. धातूचा किंवा काचेचा भाग असेल तर जरूर हरखा: गिअर, बिजागरी, दिव्याची काच, मोनोग्राम. मूळ कारखान्याचा तुकडा जसा बसतो तसा नवी नक्कल बसत नाही. पण रबर असेल तर डबा कितीही कोरा असो, हात लावू नका. व्हील सिलिंडरचे वायसर, पेट्रोल पंपाचा पडदा, ऑइल सील डब्यात बसूनही म्हातारे होतात. शिवाय जुन्या पडद्याला आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल झेपत नाही.

उलट दाराची, काचेची रबरं, हौद्याच्या पट्ट्या, वायरिंग नवी नक्कलच घ्या. नकली क्रोम आणि नकली कुलपांबाबत मी साशंक आहे. जुनं कुलूप उघडून साफ करा, बहुधा स्प्रिंगच गेलेली असते.

बेअरिंग 'ट्रकचं' म्हणून शोधू नका, कड्यावर कोरलेला नंबर वाचा. सीलचं आतलं माप, बाहेरचं माप, जाडी घ्या. ज्याच्या दुकानात शेव्हरोले कधी आली नाही तोही देईल. एकच भाग कुठकुठल्या गाड्यांना लागतो हे सांगणारं हॉलंडरचं पुस्तक १९३०च्या दशकापासून निघतंय, जुनी प्रत मिळाली तर सोडू नका. पुढच्या चाकात मूळ बॉल बेअरिंग आहे, महाग आणि दुर्मीळ. त्याच्या जागी बसणारं टेपर रोलरचं संच मिळतं, डोळे झाकून घ्या.

काचांसाठी तर कुणाला विचारूही नका. दोन तुकड्यांची समोरची काच आणि दाराच्या काचा सपाट आहेत. पुठ्ठ्याचा नमुना कापा, काचवाला लॅमिनेटेड काच कापून देईल. कोपऱ्यात वळलेल्या काचा असलेली डिलक्स केबिन असती तर गोष्ट वेगळी होती.

रंध्यावाली

फळ्यांवर आले. दादा, जुन्या फळ्यांचा भुगा फेकला नाहीत ना? मधल्या लोखंडी पट्ट्या आणि बोल्टच्या भोकांची जागा त्यावरूनच घ्यायची. फळ्या घट्ट भिडवू नका, पट्टीखाली लाकडाला फुगायला फट ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात मधूनच उचलतील. बोल्ट चौकोनी मानेचेच, भोक आधी पाडून मग खालून-वरून रंग. कापलेल्या टोकांना तर दोनदा, पाणी तिथूनच शिरतं.

चकचकीत पॉलिशच्या ओकच्या फळ्या दिसतात छान. पण त्यावर पोतं ओढलं की तुमचाच जीव खालीवर होईल. कामाची गाडी आहे म्हणताय, तर सरळ काळा रंग द्या.

खटारा_प्रेमी

बातमी: इंजिन सुटलं! पहारीने जरासं हललं, मग पुढे-मागे करत पूर्ण फेरा मारला. सिलिंडरमध्ये डाग आहेत, खोल ओरखडा नाही. ड्रम काढले, चारही चाकांना बेंडिक्स. म्हणजे कुणीतरी बहुधा एकाच दानशूर गाडीचं सगळं हिच्यात घातलंय.

वही अर्धी भरली आणि मूळ यादीतले निम्मे पार्ट बाद झाले. दारासाठी हँडल बटणवालं मागवलं.

एक शंका: रस्त्यावर आजच्या गाड्यांबरोबर कितपत पळेल?

टर्नरदादा

तशाच अ‍ॅक्सलवर ताशी ८०पर्यंत सुखाने. मागचा अ‍ॅक्सल ओझ्यासाठी बनवलेला आहे, वेगासाठी नाही. प्रोपेलर शाफ्ट नळीत बंद असल्यामुळे नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही, अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. मी तर म्हणेन, डावीकडून नाहीतर उजवीकडून, जिथे हळू वाहनांची जागा असेल तिथून जा.

खटारा_प्रेमी

८० पुरे झाले. आता पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय करू? सरळ सेल्फ मारू?

टर्नरदादा

अजिबात नाही, तेल वर पोहोचवा आधी. ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकाने फिरतो. पहिल्या सिलिंडरला वर आणून रोटरची दिशा ब्लॉकवर खडूने आखा आणि डिस्ट्रिब्युटर उचला. लांब सळईचं टोक स्क्रू-ड्रायव्हरसारखं चपटं करा, ड्रिलमध्ये धरून पंपाच्या खाचेत बसवा आणि डिस्ट्रिब्युटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवा. झाकण उघडं ठेवून रॉकरवर नजर ठेवा. मीटरचा काटा उठला तरी तिथे तेल दिसत नसेल तर वर जाणारी बारीक नळी चोंदलेली आहे, या इंजिनांचं ते नेहमीचं दुखणं. ती काढून तार घालून मोकळी करा. बाराही रॉकर ओले झाले की डिस्ट्रिब्युटर खुणेवर परत बसवा, फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४, आणि मग सेल्फ मारा.